पावलांची पैसेवारी

(भंडारा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



भाद्रपद सरून आश्विन लागला, धान निसवू लागले, की या जिल्ह्यात गावोगावच्या चावडीवर ज्या एका आकड्याविषयी तावातावाने चर्चा चालते, तो आकडा पैसेवारीचा, म्हणजे यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले याचा, होय. प्रथम नजरअंदाज पैसेवारी निघते, पुढे सुधारित निघते, आणि अखेरीस निवडलेल्या शेतातील ठरावीक तुकड्यावरचे पीक प्रत्यक्ष कापून, मळून आणि तोलून अंतिम पैसेवारी जाहीर होते. आणि ती पन्नास पैशांच्या वर गेली की खाली राहिली, एवढ्या एका गोष्टीवर शेतसाऱ्यातील सूट आणि टंचाईच्या सवलती अवलंबून असतात. आज मी ज्या विषयावर बोलण्याचे योजिले आहे तो वरकरणी याहून फार दूरचा वाटेल. साठीपलीकडील माणसे दिवसभरात किती आणि कशी हालचाल करतात हे त्यांच्या अंगावर बांधलेल्या यंत्राने मोजण्याचे एक शास्त्र गेल्या पाव शतकात उदयास आले असून, त्याचा विचार भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात करावा असा माझा हेतू आहे. परंतु या शास्त्रातील वादांकडे मी जसजसा पाहत गेलो तसतसे मला दिसून आले की ते आपल्या पैसेवारीच्या वादांचेच सगोत्र आहेत. मोजणी कोणत्या दिवशी करावयाची, कोणत्या मापाने करावयाची, उंबरठा कोठे आखावयाचा, आणि निघालेला आकडा कोणाच्या दप्तरी जावयाचा, हेच ते वाद होत.

हालचालीची नजरअंदाज पैसेवारी म्हणजे प्रश्नावली. १९५३ साली लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली, आणि दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो असे दाखविले, तेव्हा त्यांना कोणाला काही विचारावे लागले नाही. मनुष्याचा हुद्दाच त्याच्या हालचालीची साक्ष देत होता. पुढे मात्र सर्व प्रकारच्या लोकांकडे वळावे लागले आणि प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही. जागतिक आरोग्य संघटनेची जी प्रश्नावली जगभर वापरली जाते ती असे विचारते की, सलग किमान दहा मिनिटे दम लागेल असे काम आपण आठवड्यातून किती दिवस करता, आणि त्या दिवशी किती वेळ. मनुष्य अशा प्रश्नाला खोटे उत्तर देतो असे नाही. पण स्वतःविषयीचा त्याचा अंदाज त्याच्या इच्छेकडे झुकतो. अमेरिकेत २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हजारो लोकांच्या कमरेला यंत्र बांधण्यात आले, तेव्हा तोंडी जबानीत सुमारे निम्मे प्रौढ शिफारशीइतका व्यायाम करीत असल्याचे जे चित्र होते ते पार कोसळले आणि यंत्राच्या साक्षीने शंभरात पाचही जण त्या कसोटीला उतरले नाहीत.

या एका निष्कर्षाने यंत्राची प्रतिष्ठा वाढली, आणि ते योग्यच झाले. तथापि आपल्याकडे जबानीचा झोक त्याच दिशेला असेल असे गृहीत धरणे मला धोक्याचे वाटते. लाखनी अथवा साकोली तालुक्यातील एखाद्या सत्तर वर्षांच्या बाईस आपण विचारावे की, आजी, दिवसभर आपण काय करता. तर त्यावर बहुधा उत्तर मिळेल, ‘काही नाही, घरीच राहतो जी.’ या ‘काही नाही’मध्ये पहाटेचा सडा, गोठ्याचे शेण, विहिरीवरून अथवा नळावरून आणलेले पाणी, नातवंडाला कडेवर घेऊन अंगणवाडीपर्यंतची खेप, दुपारी निवडलेले तांदूळ आणि संध्याकाळी डोक्यावर आणलेला सरपणाचा भारा, हे सर्व अंतर्भूत असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे. ज्या पाच तासांना कोणी काम म्हणत नाही ते पाच तास, विचारणाऱ्याने कितीही सद्भावनेने विचारले तरी, जबानीत येत नाहीत. अमेरिकन गृहस्थ आपली हालचाल फुगवून सांगतो आणि आपली आजी ती गिळून टाकते. यंत्राची गरज दोन्हीकडे आहे; परंतु दोन्हीकडील गरजेची कारणे परस्परविरुद्ध आहेत.

आता यंत्र म्हणजे काय ते सांगतो. मनगटावरील पट्ट्यात अथवा कमरेच्या डबीत त्वरणमापक नावाचा जो सिलिकॉनचा कण असतो त्यात अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेले एक वस्तुमान असते. शरीर हलले की ते सरकते, आणि त्या सरकण्यामुळे उत्पन्न होणारा विद्युत् फरक तीन दिशांना, सेकंदाला तीस ते शंभर वेळा, नोंदला जातो. म्हणजे हे यंत्र वस्तुतः पावले मोजीत नाही. ते केवळ त्वरण नोंदते, आणि त्या नोंदीच्या लाटांमधून पाऊल कोणते आणि एस. टी.चा हादरा कोणता हे ठरविणे गणिताकडे सोपविलेले असते. माणूस निश्चल असतानाही गुरुत्वाकर्षणाचे ९.८ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद हे त्वरण यंत्राला जाणवतच असते, सबब यंत्र ज्या अवयवावर बांधले आहे तो अवयव भूमीशी कोणता कोन करून आहे हेही त्याला कळते. ही दुसरी शक्ती घड्याळवजा पट्ट्यांच्या जाहिरातींत क्वचितच उल्लेखिली जाते. भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व पहिलीपेक्षा अधिक आहे, हे मी पुढे दाखविणार आहे.

यंत्राचे नोंदणे निःपक्षपाती असेल, पण त्याचे निकाल निःपक्षपाती नसतात, कारण निकालासाठी उंबरठा आखावा लागतो. कमरेच्या यंत्रासाठी सर्वांत प्रसिद्ध झालेला उंबरठा १९९८ साली पॅटी फ्रीडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून व धाववून काढला: मिनिटाला १९५२ ‘गणना’, म्हणजे त्वरणाच्या नोंदींची यंत्राने केलेली बेरीज, झाल्या की हालचाल ‘मध्यम’ प्रतीची, त्याखाली ‘हलकी’. पुढे वृद्धांसाठी स्वतंत्र प्रयोग झाले आणि २००९ साली १०४१ हा उंबरठा सुचविण्यात आला. एकाच आजोबांचा एकच दिवस पहिल्या उंबरठ्याने आळसाचा ठरतो आणि दुसऱ्याने उद्योगाचा. आजोबा मात्र तेच, आणि ते तलावाच्या पाळीवरून पाणी किती चढले हे पाहून आपल्या नेहमीच्या संथ चालीने घरी परतलेले असतात. श्रमाच्या मूळ एककाचीही हीच गत आहे. विसाव्याच्या स्थितीत शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर प्राणवायू वापरते असे धरून सर्व कामांची प्रत लावण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली. साठीपुढील माणसांसाठी २०२४ साली जी स्वतंत्र सारणी प्रसिद्ध झाली तिने हा पाया २.७ वर आणला. म्हणजे तोपर्यंत वृद्धांच्या श्रमाचा हिशेब तरुणांच्या मापाने चालला होता.

दहा हजार पावलांविषयी एवढेच सांगतो की, तो आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून प्रथम निघालेला नाही. टोकियोच्या १९६४ च्या ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, यामासा नावाच्या जपानी घड्याळ कंपनीने पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आणले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असे ठेवले. नाव खपले आणि आकडा रूढ झाला. वृद्ध स्त्रियांविषयी भरवशाचा पुरावा मिळण्यास २०१९ साल उजाडावे लागले. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांच्या कमरेला सात दिवस यंत्र बांधून चार वर्षांहून अधिक काळ त्यांची वास्तपुस्त घेतली, तेव्हा दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्या गटापेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक चालण्याचा अधिक लाभ दिसेना. निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु त्यामागील प्रश्न, बसून असलेल्या माणसाने किती उठावे, हा होता. आणि जेथे माणूस बसून नाही तेथे तो प्रश्न जसाच्या तसा उचलून नेणे म्हणजे भाताच्या शेतात गव्हाची पैसेवारी काढणे होय.

आषाढ-श्रावणातील रोवणीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणा. बांधीत पोटरीभर चिखल आहे, पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकलेल्या आहेत, आणि दहाबारा बायांची ओळ कमरेत वाकून, डाव्या हातातील जुडीतून चार-चार काड्या उजव्या हाताने रोवीत, पावलापावलाने मागे सरकते आहे. त्या ओळीत साठीपुढील बाई असणे ही या जिल्ह्यात अपवादाची गोष्ट नाही. तिच्या कमरेला यंत्र असेल तर ते काय नोंदील? पाऊल मंद आहे, आणि चालण्याचा वेग सेकंदाला मीटरभराहून बराच कमी झाला की कमरेची साधी यंत्रे पावले गाळू लागतात हे सर्वत्र आढळलेले आहे. चिखलातून पाय उपसण्यास जे बल लागते ते त्वरणात उतरत नाही. आणि आठ तासांचे वाकणे हे तर यंत्राच्या दृष्टीने हालचालच नव्हे. संध्याकाळी अहवाल निघेल की, बाईंनी दिवस हलक्या हालचालीत घालविला. मनगटावर यंत्र असेल तर त्याच्या अडचणी वेगळ्या. तेथे काचेच्या बांगड्या आहेत, त्यांच्या मागे सरकलेला पट्टा सैल बसतो. डोक्यावर भारा असेल तर हात वर स्थिर असतो आणि पावले चुकतात. हृदयाचे ठोके मोजणारा हिरवा प्रकाश गोंदणाच्या शाईत अडकतो, आणि आपल्याकडील वयोवृद्ध स्त्रियांच्या हातांवर गोंदण किती असते हे मी या सभेस सांगावे असे नाही. तुमसर-मोहाडीकडील घराघरांत बिड्या वळणाऱ्या स्त्रीचे उदाहरण तर याहून चमत्कारिक आहे: कमरेच्या यंत्राच्या मते ती दिवसभर स्वस्थ बसलेली, मनगटाच्या यंत्राच्या मते अखंड उद्योगात मग्न. दोन्ही यंत्रे खरे बोलतात, आणि दोहोंच्या सरासरीत मात्र ती बाई कोठेच सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग यंत्र टाकून द्यावे. मी तसे म्हणत नाही. पाठीवर आणि मांडीवर चिकटवावयाची जी छोटी यंत्रे आता उपलब्ध आहेत त्यांची ती दुसरी शक्ती, कोन ओळखण्याची, येथे कामास येते. केवळ मांडीचे यंत्र पुरणार नाही, कारण कमरेत वाकलेल्या माणसाची मांडी जवळजवळ उभीच असते आणि यंत्र त्यास ‘उभा’ म्हणते. परंतु दोन खांद्यांमधील यंत्र पाठ भूमीकडे किती झुकली आणि किती वेळ झुकलेली राहिली हे मिनिटामिनिटाने सांगते. डेन्मार्कमध्ये आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामगारांच्या मांडीवर व पाठीवर अशी यंत्रे दिवसचे दिवस बांधून वाकणे, उभे राहणे आणि बसणे वेगळे काढले आहे. त्यांच्याच विचारातून एक अस्वस्थ करणारा सिद्धांत पुढे आला: फुरसतीतील हालचाल आयुष्य वाढविते, पण पोटासाठी करावी लागणारी, लांबलचक, विसाव्याची मुभा नसलेली अंगमेहनत तसे करीलच असे नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात तर जड अंगमेहनतीची कामे करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. सकाळी मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या निवृत्त गृहस्थाची पाच हजार पावले आणि दुसऱ्याच्या बांधीत मजुरीने रोवणी करणाऱ्या बाईची पाच हजार पावले आकड्याने समान असतील, शरीरावरील परिणामाने नव्हेत.

महाराष्ट्राला हे सत्य अपरिचित नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव यांनी पुण्याभोवतालच्या खेड्यांतील गर्भवतींच्या अभ्यासात शेतकाम, पाणी भरणे, धुणे अशी प्रत्यक्ष कामे एकेक करून विचारली, प्रत्येक कामाला श्रमाप्रमाणे भार दिला, आणि २००३ साली असे दाखविले की, ज्या मातांवर श्रमाचा बोजा अधिक होता त्यांची बाळे जन्मतः आकाराने लहान होती. त्यांच्या हाती यंत्र नव्हते. पण काय विचारावे हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या बळावर त्यांची ‘नजरअंदाज’ पुष्कळ यंत्रांपेक्षा सरस ठरली. भिगवण येथे १९९६ पासून अरविंद चोप्रा यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली तिच्यामागेही हीच दृष्टी होती. उलट, मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेने २०१७-१९ मध्ये सत्तर हजारांहून अधिक भारतीयांची जी दीर्घकालीन वार्धक्य पाहणी केली, तिने हाताच्या मुठीचे बळ आणि चालण्याचा वेग प्रत्यक्ष मोजला हे स्तुत्य असले तरी, श्रमाविषयी मात्र ती प्रश्नांवरच थांबली.

मोजावयाचे कोणत्या आठवड्यात, हा प्रश्न शहरात गौण आहे. येथे तोच मुख्य. सात दिवस यंत्र बांधावे, त्यांतील किमान चार दिवस, दिवसाकाठी दहा तास ते अंगावर असावे, म्हणजे नोंद ग्राह्य, असा जागतिक प्रघात आहे. शहरातील निवृत्त मनुष्याचा एक आठवडा दुसऱ्यासारखा असतो, म्हणून हा प्रघात तेथे चालतो. पण भंडाऱ्यातील वृद्धाचे वर्ष एकजिनसी नाही. आषाढात रोवणी, पोळ्याच्या सुमारास काही उसंत, आश्विनापासून हलक्या धानाची आणि पुढे भारी धानाची कापणी, बांधणी आणि मळणी, दिवाळीनंतर मंडईचे दिवस, ज्यांत मनुष्य पाहुण्याच्या गावी जाऊन रात्रभर नाटक पाहतो आणि दिवसा झोपतो, जेथे उन्हाळी धानाला पाणी मिळते तेथे माघाच्या आसपास पुन्हा रोवणी, आणि जेथे मिळत नाही तेथे स्वस्थता, मग चैत्रात पहाटे मोहफुले वेचणे आणि वैशाखात तेंदूपत्त्याची तोड. यांतील कोणता आठवडा सरासरीचा म्हणावयाचा? मंडईच्या आठवड्यात मोजणी करून जिल्ह्यातील वृद्ध आळशी असल्याचा अहवाल देणारा संशोधक, आणि ऐन रोवणीत मोजणी करून ते ऑलिंपिकला पाठविण्याजोगे असल्याचे सांगणारा संशोधक, दोघेही प्रामाणिक असू शकतील.

निघालेला आकडा कोणाच्या दप्तरी जाईल या प्रश्नाची मला खरोखर धास्ती वाटते. श्रम मोजण्याचा अनुभव आपल्या राज्याला जुना आहे. रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या मातीचे घनमाप घेऊन मजुरी ठरविण्याची पद्धत आपण पाहिली आहे, आणि त्या मोजमाप-पुस्तिकेत मजुराच्या वयाचा रकाना किती वजनदार ठरत असे हे ज्यांनी हजेरीपट पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे. आज पासष्टीपुढील निराधारास श्रावणबाळ योजनेतून निवृत्तिवेतन मिळते आणि त्यासाठी त्याला दर वर्षी हयातीचा दाखला सादर करावा लागतो. उद्या एखाद्या उत्साही अधिकाऱ्याच्या मेजावर पावलांचा तक्ता आला, आणि ‘अर्जदार प्रतिदिनी आठ हजार पावले चालत असल्याने सक्षम दिसतो, सबब अर्ज नामंजूर’ असा शेरा त्यावर पडला, तर त्या शेऱ्यातील तर्क वरवर निर्दोषच दिसेल. ती बाई आठ हजार पावले चालते कारण न चालण्याची तिला ऐपत नाही, हे यंत्र सांगत नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. पण अंगठा उठविण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे हे वाचून दाखविणारा मनुष्य कायद्याने उत्पन्न होत नाही, तो नेमावा लागतो. माझे स्पष्ट मत आहे की, अशा मोजणीची नोंद त्या वृद्ध व्यक्तीच्या नावे आणि तिच्या ताब्यात असावी, आणि कोणत्याही सवलतीच्या पात्रतेसाठी ती वापरण्यास लेखी मनाई असावी.

यंत्राचा सर्वांत निर्मळ उपयोग माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करण्यात आहे. दुसऱ्याच्या पावलांशी आपली पावले ताडून काय मिळणार? पण जी आजी गेल्या माघात दिवसातून तीस वेळा बसल्याची उठत होती ती यंदाच्या माघात बाराच वेळा उठते आहे, हे कळले, तर गुडघा, डोळ्यांतील मोतीबिंदू, रक्तक्षय, अथवा पडण्याची भीती, यांपैकी काहीतरी वर्षभरात बळावले आहे हे घरच्यांच्या ध्यानी येण्याच्या कितीतरी आधी उपकेंद्राच्या परिचारिकेच्या ध्यानी येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली वृद्धांसाठी चालण्याबरोबरच तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस सांगितले ते पडण्याचा धोका टाळण्यासाठीच. शेताच्या धुऱ्यावरून आयुष्यभर चाललेल्या माणसाला तोल शिकवावा लागत नाही, पण तो ढळू लागला हे मात्र कोणीतरी वेळीच पाहावे लागते.

आता या जिल्ह्यात अशी मोजणी कशी करावी याच्या तजविजीचा तपशील सांगून मी आपली रजा घेतो. जिल्ह्याचे तालुके सात. प्रत्येकातून साठीपुढील शंभर माणसे, निम्म्या स्त्रिया आणि निम्मे पुरुष, धानकरी, मजूर, विणकर, ढीवर आणि बिडी वळणारे असे सर्व प्रकारचे, चिठ्ठ्या टाकून निवडावे. प्रत्येकाच्या पाठीवर आणि मांडीवर सात दिवस यंत्र असावे, आणि रोज सायंकाळी गावातीलच कोणी शिकलेल्या मुलीने घरी जाऊन, त्या दिवशी काय काय केले आणि मध्ये विसावा कोठे व किती घेतला, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हीच मोजणी त्याच माणसांवर रोवणीत एकदा आणि फाल्गुनात एकदा व्हावी. रोवणीचा हंगाम सहा आठवड्यांचा धरला तर सातशे माणसांना सव्वाशे संच पुरतात, कारण एक संच धुऊन, पुसून आणि भारित करून दर आठवड्यास पुढील माणसाकडे देता येतो. चिखलाने आणि घामाने चिकटपट्ट्या सुटतील त्यांचा जादा साठा मात्र आरंभीच घेऊन ठेवावा, आणि ज्यांच्या कातडीला त्या सोसणार नाहीत त्यांच्यासाठी कापडी पट्टे शिवून घ्यावेत. माणसे निवडण्याचे आणि त्यांची संमती घेण्याचे काम मृग लागण्यापूर्वी उरकले पाहिजे. एकदा पऱ्हे टाकले की या जिल्ह्यात कोणालाही कागद ऐकून घेण्यास फुरसत नसते.